पूर्ण मडगार्ड बसवलं, पण टायर घासतोय आणि काडी ब्रेकला अडतेय. मदत हवी.

पाऊसवाट

नमस्कार मंडळी,

मी रोज कामाला सायकलने जाते, जाऊन-येऊन २२ किलोमीटर. दोन वर्षं सीटच्या दांड्याला अडकवायचं छोटं मडगार्ड वापरलं. पाठीवरचा चिखलाचा पट्टा त्याने थांबला, पण बूट दहा मिनिटांत भिजतात. पाऊस थांबला तरी रस्ता ओला असेपर्यंत भिजतच राहतात. त्याहून जास्त जीव जातो तो चेनचा. दर दोन दिवसांनी तिच्यात वाळू करकरते. मागच्या आठवड्यात चेन आणि मागचे दाते एकदम बदलावे लागले, तेव्हाच ठरवलं की आता पूर्ण लांबीची मडगार्ड बसवायची.

सायकल स्टीलच्या फ्रेमची, डिस्क ब्रेकवाली, टायर ७०० बाय ३२, म्हणजे ३२ मिमी रुंद. फ्रेमला आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दुपायी भागाला) मडगार्डसाठी आट्यांची भोकं आहेत. मडगार्ड घेतलं ते ४५ मिमी रुंद, आत ॲल्युमिनियमचा पत्रा आणि वरून प्लॅस्टिक असलेलं.

काल संध्याकाळी चार तास खपून बसवलं. पण मागचं मडगार्ड सीटखालच्या आडव्या पट्टीपाशी टायरला घासतंय. पुढची डावी काडी, म्हणजे मडगार्डला फोर्कशी जोडणारा बारीक दांडा, ब्रेकच्या कॅलिपरवर (चकती आवळणाऱ्या भागावर) टेकतेय, ती मी जोर लावून वाकवून बोल्टमध्ये अडकवली आहे. आज सकाळी खड्ड्यातून गेले की पत्र्याचा डबा हलवल्यासारखी खडखड. आणि हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागलं, तेव्हा खरंच घाबरले.

माप चुकलं का माझं? की बसवण्यात चूक आहे? काड्या अजून कापलेल्या नाहीत, टोकं बाहेर आली आहेत तशीच आहेत.

पानापकड

काड्या कापल्या नाहीत हे फार बरं केलंत. सगळं मनासारखं बसेपर्यंत कापूच नका.

माप बरोबर आहे. टायरच्या रुंदीपेक्षा मडगार्ड साधारण १० मिमी तरी रुंद हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी झाकलं जातं. ३२ ला ४५ म्हणजे ऐसपैस. घासतंय ते रुंदीमुळे नाही, उंचीमुळे. टायरचा माथा आणि मडगार्ड यांच्यात किती फट आहे ते मोजून सांगा. आणि तीन ठिकाणी मोजा: पेडलच्या बाजूला खाली, सीटखालच्या पट्टीपाशी, आणि मागे जिथे काड्या जोडल्या आहेत तिथे. एका ठिकाणच्या मापाने काही कळणार नाही.

पाऊसवाट

काका, मोजलं. खाली पेडलकडे १४ मिमी, सीटखाली २ मिमी (एका बाजूला शून्यच), मागे काड्यांपाशी २० मिमी.

पानापकड

मग झालं की निदान. मडगार्डची गोलाई आणि चाकाची गोलाई एका केंद्रावर नाही. मडगार्ड मधे खाली बसलंय आणि दोन्ही टोकांना वर उचललं गेलंय. सीटखालच्या पट्टीवर त्याला धरणारी जी पत्र्याची पट्टी असते, ती सरकवता येते का बघा. बऱ्याच मडगार्डांत ती पक्की रिव्हेट केलेली नसते, कडांवर चिमटून बसवलेली असते. फ्रेमची पट्टी आणि मडगार्ड यांच्यामध्ये काही घातलं असेल तर ते काढा म्हणजे मडगार्ड वर जाईल. काही घातलेलं नसेल तर ती पत्र्याची पट्टी वर चढवून पुन्हा चिमटा. उलट पेडलकडच्या टोकाला फट जास्त आहे. तिथे फ्रेमची आडवी पट्टी आणि मडगार्ड यांच्यामध्ये एक तुकडा घाला, म्हणजे मडगार्ड चाकाकडे सरकेल. रबराचा घाला, खडखडही कमी होईल.

आता मुख्य गोष्ट. सगळे बोल्ट ढिले करा. नुसते हाताने लावलेले, पाना न लावलेले. मडगार्ड सगळीकडे आपोआप, न ओढता, न दाबता, आपल्या जागी उभं राहिलं पाहिजे. मग चाक फिरवत एकेक बोल्ट आवळायचा. तुम्ही काल उलट केलंत असं वाटतं: एक बोल्ट पक्का आवळला, मग पुढचं भोक जुळवायला मडगार्ड ओढलं, मग तिसरं. ओढून बसवलेलं मडगार्ड पहिल्या दिवशी घासतं, नंतर खडखडतं आणि काही महिन्यांनी बोल्टच्या भोकापासून तडकतं. धातूचं असेल तर आणखी लवकर. होंजो कंपनीची ॲल्युमिनियमची मडगार्डं इतकी सुंदर दिसतात, पण ताणाखाली बसवलेली मी भोकापाशी चिरलेली पाहिली आहेत.

तिसरी_फेरी

+१, ताण नको. मी लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतो, पावसातल्या बहुतेक. मडगार्डाशिवाय २०० किमी काढल्यावर पायांची जी अवस्था होते ती एकदा पाहिली की माणूस पुन्हा मडगार्ड काढत नाही.

डिस्कच्या काडीचं: ती जोर लावून वाकवलीत ती आधी सोडा. डाव्या बाजूला फोर्कच्या भोकात लांब बोल्ट घ्या आणि काडी व फोर्क यांच्यामध्ये नळीसारखा स्पेसर घाला. १० ते १५ मिमीचा बहुतेक वेळा पुरतो. काडी कॅलिपरच्या बाहेरून सरळ जाते. बोल्ट ५ मिमी जाडीचा असतो, फक्त लांबी वाढवायची. लक्षात ठेवा, स्पेसर आणि वॉशर जाऊन किमान पाच-सहा मिमी आटे फोर्कमध्ये गेले पाहिजेत. दोन-तीन आट्यांवर बोल्ट लटकवू नका, पहिल्या मोठ्या खड्ड्यात भोकातले आटे जातील. आणि फोर्कमधले आटे गेले तर तो खर्च मडगार्डपेक्षा मोठा.

स्पेसर घालूनही अडत असेल तर काडी वाकवायची, पण काढून, व्हाइसमध्ये धरून, दोन ठिकाणी हलका बाक देऊन. सायकलवर लावलेली असताना वाकवली तर सगळा जोर मडगार्डवरच्या जोडावर येतो.

निळी_सायकल

मला एक विचारायचंय, विषयांतर नाही, म्हणूनच इथे विचारते. पुढचं मडगार्ड खरंच इतकं महत्त्वाचं आहे का? माझी समजूत अशी की चिखल मागच्या चाकाचा उडतो, पाठीवर तोच दिसतो. माझ्याकडे फक्त मागचं आहे. पुढचं लावायला माझ्या फोर्कवर जागाही कमी आहे.

गतिमान_बिंदू

पाठीवर दिसतो तो मागचाच, पण पायावर आणि चेनवर येतो तो जवळजवळ सगळा पुढच्या चाकाचा. हे जरा सविस्तर सांगतो, कारण मडगार्ड कुठे लांब हवं ते यातून कळतं.

सायकलवर बसलेल्या माणसाच्या नजरेने बघा. चाक जागेवर फिरतंय आणि रस्ता मागे पळतोय असं समजा. टायर जिथे रस्त्याला टेकतो, तिथे टायरचा पृष्ठभाग मागच्या दिशेने जातोय. तिथून तो चाकाच्या मागच्या बाजूने वर चढतो, माथ्यावर पुढे वळतो आणि पुढून खाली येतो. टायरला चिकटलेलं पाणी ज्या क्षणी सुटतं, त्या क्षणी टायर ज्या दिशेला जात होता त्याच दिशेला सरळ उडतं.

आता जमिनीलगतच, टायर रस्ता सोडतो त्या जागी सुटलेलं पाणी जवळजवळ आडवं मागे जातं. पुढच्या चाकाच्या मागे काय असतं? तुमचे बूट, पेडलचा एक्सल, पुढची दातेरी चकती आणि चेन. वाळू सगळी तिथेच. थोडं वर, चाकाच्या मागच्या बाजूला अर्ध्या उंचीवर सुटलेलं पाणी सरळ वर उडतं. मागच्या चाकाचं हेच पाणी पाठीवर पट्टा मारतं. आणि माथ्याच्या आसपास सुटलेलं पुढे जातं. पुढच्या चाकाचं हे पाणी तुमच्या पुढे उडतं आणि तुम्ही त्याच्यात शिरता. चेहऱ्यावर, चष्म्यावर येतं ते हेच.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. या वेगाने सरळ वर फेकलेला थेंब, हवेचा विरोध सोडला तर, दीड मीटरच्या वर जातो. ताशी २५ ला जवळजवळ अडीच मीटर. प्रत्यक्षात हवेमुळे थेंब कमी उंच जातो, पण डोक्यापर्यंत पाणी कसं येतं ते कळायला एवढं पुरे.

म्हणून पुढच्या मडगार्डचं मागचं टोक जितकं जमिनीजवळ, तितके पाय कोरडे. विकतची बहुतेक मडगार्डं तिथे तोकडी असतात. मग खाली फ्लॅप, म्हणजे रबराचा किंवा प्लॅस्टिकचा लोंबता तुकडा, लावायचा.

पाऊसवाट

हे असं कोणी कधी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी मागच्या मडगार्डाच्या मागे लागले होते आणि बूट भिजवत होतं पुढचं चाक! माझ्या पुढच्या मडगार्डला फ्लॅप आहे, पण तळहाताएवढाच. जमिनीपासून २२ सेंटिमीटर वर संपतो.

पानापकड

२२ म्हणजे खूपच वर. सहा ते आठ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा.

फ्लॅप घरी करता येतो आणि घरी केलेलाच चांगला होतो. जाड प्लॅस्टिकची चपटी बाटली किंवा द्रवपदार्थाचा मोठा कॅन घ्या. त्याच्या अंगाला जो आधीच बाक असतो तो मडगार्डच्या गोलाईवर नेमका बसतो. वर मडगार्डाइतका रुंद, खाली दुप्पट नाही पण दीडपट तरी, असा उलट्या घागऱ्यासारखा नव्हे, सरळ घागऱ्यासारखा कापा. खालचे कोपरे गोल करा. कोपरा टोकदार ठेवला तर तो पहिल्याच उंचवट्यावर अडकतो आणि फाटतो.

ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर आणखी चांगलं. जड असल्यामुळे वाऱ्याने वर उचलत नाही, फुटपाथच्या कडेला लागलं तर मुकाट्याने वाकतं आणि परत सरळ होतं. प्लॅस्टिक पातळ असेल तर वेगात मागे उडत राहतं आणि जिथे गरज आहे तिथेच उघडं पडतं.

दोन भोकं पाडा, दोन. एकाच बोल्टवर फ्लॅप फिरतो. बोल्टचं डोकं आतल्या बाजूला, टायरकडे, आणि नट बाहेर. डोकं चपटं घ्या. नट आत ठेवला तर त्याच्यामागे आलेलं बोल्टचं टोक टायरला कधीतरी चाटून जाईल. दोन्ही बाजूंना रुंद वॉशर, नाहीतर रबर बोल्टभोवती फाटत जातं.

आडवाटेने

मी कच्च्या रस्त्यावरचा माणूस, म्हणून उलट बाजू मांडतो. चिकट माती असेल तिथे पूर्ण मडगार्ड हा घात आहे. माती टायरबरोबर आत जाते, फट भरते आणि चाक जाम. मी एकदा चार किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन आलोय, आणि तेव्हा भर चिखलात काड्यांचे बोल्ट सोडायला हात थरथरत होते. तेव्हापासून कच्च्यासाठी वेगळी, उंच बसणारी, लगेच निघणारी मडगार्ड. पाठ आणि डोळे वाचतात, पाय भिजतात, ते मान्य.

डांबरी रस्त्यासाठी मात्र पूर्ण लांबीच्या मडगार्डला पर्याय नाही, त्याबद्दल दुमत नाही.

तिसरी_फेरी

आडवाटे म्हणतात ते फटीबद्दलचं फार महत्त्वाचं आहे. त्यात एक भर घालतो. नुसती फट किती यापेक्षा ती कशी बदलत जाते ते बघा.

वर लिहिलंय तसं, टायर चाकाच्या मागच्या बाजूने वर चढतो. म्हणजे खडा, काटकी, पानांचा लगदा मडगार्डमध्ये शिरतो तो मागच्या, खालच्या टोकातून. तिथे फट मोठी आणि पुढे फोर्कच्या मुकुटापाशी (त्याचे दोन पाय वर जुळतात तिथे) लहान असेल, तर आत आलेला खडा अरुंद जागेत जाऊन अडकणारच. म्हणून शिरण्याच्या टोकाला फट थोडी कमी आणि तिथून पुढे हळूहळू वाढत जाणारी हवी. मग जे आत मावलं ते दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. दोन्ही चाकांना हेच. पाऊसवाट, तुमच्या मागच्या चाकात आत्ता नेमकं उलटं आहे: शिरताना २० मिमी, मधे २.

पाऊसवाट

म्हणजे मी सापळाच तयार केला होता. आज रात्री सगळं सोडून पुन्हा लावते.

पानापकड

पुन्हा लावताना पुढच्या काड्यांच्या फोर्ककडच्या टोकांना प्लॅस्टिकचे क्लिप आहेत का, ते बघा. ओढल्यावर काडी निसटते असे. नसतील तर वेगळे मिळतात, ते आधी लावा मग बाकीचं.

हे मी जोर देऊन लिहितोय. काटकी पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकात अडकली तर टायर तिला वर ओढतो आणि तिच्याबरोबर मडगार्डही ओढलं जातं. काड्या पक्क्या असतील तर मडगार्ड घडी होऊन फोर्कखाली कोंबलं जातं आणि पुढचं चाक एका क्षणात थांबतं. माणूस हँडलवरून पुढे जातो. सावरायला वेळच मिळत नाही. निसटणारे क्लिप असतील तर काड्या फोर्कपासून सुटतात, मडगार्ड मोकळं होतं, चाक फिरत राहतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे पुढचे दात याच प्रकारात गेले. काटकी बोटाएवढी जाड होती, त्याहून मोठी नव्हती.

क्लिप नसताना कोणी काड्या नायलॉनच्या पट्टीने वर दोनदा-तीनदा आवळून ठेवतात. करू नका. आणि क्लिप असताना तो सुटू नये म्हणून चिकटवून टाकतात, तेही करू नका. तो सुटण्यासाठीच आहे.

निळी_सायकल

हे वाचून अंगावर काटा आला. मी जागा कमी आहे एवढंच म्हटलं होतं, पण माझ्या फोर्कवर भोकंही नाहीत. फोर्क कार्बनचा आहे, ब्रेक रिमचे (चाकाच्या कडेला आवळणारे), टायर २५. रबर लावलेले गोल पत्र्याचे चिमटे फोर्कच्या पायाला आवळून काड्या लावाव्यात असा विचार होता.

तिसरी_फेरी

स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या फोर्कवर ते चिमटे चालतात, मी वर्षानुवर्षं वापरलेत. कार्बनवर आवळू नका. कार्बनची नळी एका जागी दाबली तर आतून इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. आणि कोणी सांगितलं तरी फोर्कला भोक पाडायचं नाही, कुठल्याच धातूच्या नाही.

तुमच्यासाठी रबरी पट्ट्यांनी बांधायची, ब्रेकच्या पुढे-मागे दोन तुकड्यांत येणारी अरुंद मडगार्डं बरी. रिम ब्रेक आणि २५ टायर म्हणजे ब्रेकखाली मडगार्ड जायला जागाच नसते, म्हणून ती तिथे तुटक असतात. त्या तुटक्या जागेतून थोडं पाणी येतंच. पण पुढच्याच्या मागच्या तुकड्याला लांब फ्लॅप जोडलात तर पायांना आणि चेनला नव्वद टक्के फायदा तिथेच मिळतो, असा माझा अनुभव. पट्ट्या बांधण्याआधी फोर्क स्वच्छ पुसा आणि खाली पारदर्शक चिकटपट्टी लावा. पट्टीखाली वाळू अडकली की रंग घासून जातो.

निळी_सायकल

धन्यवाद. चिमटे परत करते.

पाऊसवाट

रात्रीचं काम झालं. सांगते, कारण वर ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना कळायला हवं.

सगळे बोल्ट ढिले केले. मागचं चाक काढलं, मडगार्ड हातात घेतलं आणि सीटखालची पत्र्याची पट्टी पक्कडीने थोडी उघडून ८ मिमी वर सरकवली. पेडलकडच्या टोकाला जुन्या ट्यूबचा चार पदरी तुकडा आणि वर एक वॉशर. चाक लावलं आणि बोल्ट हाताने ढिलेच ठेवून चाक फिरवलं. मडगार्ड आपोआप उभं राहिलं! काल मी त्याला ओढत होते तेव्हा ते जणू विरोध करत होतं. आज कुठेच जोर लावावा लागला नाही. आता मागे शिरताना ८ मिमी, सीटखाली १० आणि पेडलकडे ११.

डिस्ककडे १२ मिमीचा स्पेसर, बोल्ट लांब. आत सात मिमी आटे गेले, वळणं मोजून खात्री केली. काडी सरळ, कॅलिपरपासून बोटभर लांब. क्लिप होते माझ्या मडगार्डबरोबर, पाकिटात तसेच पडलेले. मी ते जादा भाग समजून ठेवून दिले होते. लावले.

काड्या अजून कापल्या नाहीत. आणि बूट लागणं राहिलंच आहे.

गतिमान_बिंदू

बूट लागतो तो फक्त हळू, मोठ्या वळणावर. वेगात असताना हँडल तेवढं वळतच नाही. डावीकडे वळताना पुढच्या चाकाचा मागचा भाग उजवीकडे येतो, म्हणून तेव्हा उजवं पाऊल पुढे नको. उजवीकडे वळताना डावं नको. गर्दीत, चालण्याच्या वेगाने वळताना पेडल मारणं थांबवा आणि पाऊल मागे किंवा खाली ठेवा. आठवडाभरात सवय होते.

पानापकड

आणि काड्यांची टोकं कापलीत की निम्मा प्रश्न सुटेल. तुमचा बूट मडगार्डला नाही, बहुतेक काडीच्या बाहेर आलेल्या टोकाला लागत असणार.

कापायची पद्धत: दोन दिवस आहे तशी चालवा. घासत नाही, हलत नाही अशी खात्री झाली की जोडाच्या बाहेर तीन-चार मिमी सोडून मार्करने खूण करा. काडी काढून घ्या. सायकलवर ठेवून हॅक्सॉ चालवू नका, एक झटका आणि मडगार्डला चीर. काड्या बहुतेक स्टेनलेसच्या असतात, बारीक दातांचं पातं घ्या, घाई नको. कापल्यावर टोकाला कानस फिरवा, अगदी बोट फिरवून बघा कुठे टोचतंय का. मग रबरी टोपी. टोपी हरवली असेल तर ताप देऊन आकसणाऱ्या नळीचा तुकडा चालतो. हे टोक तुमच्या पोटरीच्या उंचीवर असतं, पडलात तर तेच लागतं.

आणखी एक. मागच्या उजव्या बाजूला, चेनकडे, भोकातून आत बोल्टचं टोक किती आलंय ते बघा. चेन सगळ्यात लहान दात्यावर टाका आणि चाक उलटं-सुलटं फिरवा. टोक चेनला लागत असेल तर बोल्ट आखूड घ्या किंवा बाहेरून एक वॉशर जास्त घाला. हे घरी उभ्या सायकलवर लागत नाही आणि रस्त्यात गिअर बदलताना लागतं.

पाऊसवाट

बघितलं. एक मिमी बाहेर होतं, चेनपासून जेमतेम कागद जाईल एवढं अंतर. वॉशर घातला. हे मला कधीच सुचलं नसतं.

खडखड अजून आहे, पण कमी. आता फक्त एका ठिकाणाहून येते. सीटखाली.

आडवाटेने

तिथे धातूवर धातू आहे. फ्रेमची पट्टी आणि मडगार्डची पट्टी यांच्यामध्ये चामड्याचा पातळ वॉशर घाला. रबर तिथे दबून पसरतं, चामडं टिकतं. जुन्या पट्ट्याचा तुकडा कापला तरी होतो. आणि नट साधे असतील तर आत नायलॉनची कडी असलेले लावा, आपोआप ढिले होत नाहीत. फोर्कच्या भोकात नट नसतो, तिथे आटे धरून ठेवणारं निळं द्रव मिळतं, त्याचा एक थेंब बोल्टच्या आट्यांना लावा. लाल नको, तो नंतर सुटत नाही.

तिसरी_फेरी

एक छोटी सूचना, पाऊसवाट यांना नाही, सगळ्यांनाच. कोरड्या दिवसांत मडगार्ड काढून ठेवत असाल तर भोकं उघडी ठेवू नका. ग्रीस लावून आखूड बोल्ट घालून ठेवा. स्टीलच्या फ्रेमची उघडी भोकं एका पावसाळ्यात गंजतात आणि पुढच्या वर्षी बोल्ट जातच नाही.

आणि गटाने चालवत असाल तर मागच्या मडगार्डलाही फ्लॅप लावा. त्याचा आपल्याला काही उपयोग नाही, पण मागे जो येतो त्याच्या तोंडावर आपलं पाणी जातं.

पाऊसवाट

आठ दिवसांनी लिहितेय. मुद्दाम थांबले, खरा पाऊस होईपर्यंत.

परवा निघाले तेव्हापासून पोहोचेपर्यंत सलग पाऊस. घरी केलेला फ्लॅप लावला होता, ट्रकच्या ट्यूबचा, जमिनीपासून सात सेंटिमीटर. जॅकेट वरून भिजलं, मांड्या भिजल्या, तो आभाळातून आलेला पाऊस. पण मोजे पोहोचल्यावर घोट्यापर्यंत कोरडे होते, फक्त बुटाची टोकं ओली. गेल्या दोन वर्षांत हे एकदाही झालं नाही. संध्याकाळी पाऊस थांबला होता, रस्ता ओला होता, तेव्हा तर एक थेंब अंगावर आला नाही. डबक्यातून गेले तेव्हा खाली बघितलं: फ्लॅपच्या आतल्या बाजूने पाणी धारेने खाली गळत होतं, बूट अर्ध्या वितीवर असूनही कोरडा.

घरी आल्यावर चेन पांढऱ्या फडक्याने पुसली. फडकं काळं झालं, पण बोटांत चोळलं तर वाळू नाही. नुसतं तेल. वाळू सगळी फ्लॅपच्या आत साचली होती, बोटाने खरवडून काढली तर मूठभर निघाली. ही सगळी इतके दिवस चेनमध्ये जात होती.

काड्या कापल्या, टोप्या लावल्या, बूट आता लागत नाही. चामड्याच्या वॉशरने खडखड गेली. एकच गोष्ट विचारायची राहिली: आठ दिवसांनी तपासलं तर पुढचा डावा लांब बोल्ट पाव वळण ढिला होता. निळं द्रव लावलं होतं. काळजीचं आहे का?

पानापकड

पहिल्या आठवड्यात एकदा होतं. स्पेसर आणि वॉशर एकमेकांवर बसतात, तेवढी जागा होते. बोल्ट पूर्ण काढा, आटे पुसून कोरडे करा, तेलाचा अंश राहू देऊ नका, थेंब नव्याने लावा आणि आवळून रात्रभर तसंच ठेवा. ते द्रव वाळायला वेळ लागतो, तुम्ही बहुधा लावून लगेच निघालात. पुढच्या आठवड्यात परत हात लावून बघा. तेव्हाही ढिला निघाला तर स्पेसरची दोन्ही तोंडं सपाट आहेत का बघा. तिरपी कापलेली असतील तर कानस मारून सपाट करा, नाहीतर कितीही आवळलंत तरी तो सुटत राहील.

पाऊसवाट

अगदी खरं, लावून दहा मिनिटांत निघाले होते. आणि स्पेसर मीच नळी कापून केलाय, एक तोंड तिरपं आहे, आत्ता काचेवर उभा करून बघितला तर डुगडुगतोय. कानस घेऊन बसते.